रोजची तक्रार, रोज नवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी निवृत्त शिक्षिका असून गेली एकवीस वर्षे पुण्याच्या एका उपनगरात राहते. आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून महापालिकेचा एक मोकळा भूखंड आहे. तो उद्यानासाठी राखून ठेवला असल्याचे त्यावरचा गंजलेला फलक सांगतो; प्रत्यक्षात तिथे पत्र्याची एक शेड, सिमेंटचे दोन बाक आणि दिवे नसलेले तीन खांब एवढेच आहे. गेल्या दीड वर्षापासून या शेडमध्ये रात्री साडेदहानंतर पंधरा-वीस मुले जमतात. बाटल्या फुटतात, मोटारीची दारे उघडी टाकून स्पीकर मोठ्या आवाजात लावला जातो, सायलेन्सर बदललेल्या दुचाकी जागच्या जागी रेस केल्या जातात आणि आठवड्यातून एखादा तरी वाढदिवस निघतोच. मग मध्यरात्री फटाक्यांची माळ, शिवीगाळ आणि भिंतीवर फासलेला केक. सकाळी शाळेच्या रिक्षासाठी त्याच वाटेने जाणारी मुले काचा चुकवत चालतात. तळमजल्यावरच्या एका आजोबांनी एकदा खिडकीतून ‘पोरांनो, जरा हळू’ एवढेच म्हटले, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्कूटरची सीट ब्लेडने फाडलेली होती. नव्वदीतल्या त्यांच्या पत्नी आता मागच्या खोलीत झोपत नाहीत.

यातली कोणतीही एक रात्र वेगळी काढून पाहिली तर ती किरकोळ वाटेल. मुले जमली, गाणी लावली, पोलीस आले, मुले गेली. यात कोणाचे हाड मोडले नाही की चोरी झाली नाही. माझे सगळे म्हणणे या किरकोळपणाविषयी आहे. असा उपद्रव एका रात्रीत मावत नाही. तो रात्रींच्या बेरजेत असतो. आणि आमच्या दीड वर्षाच्या अनुभवानुसार ही बेरीज करण्याचे काम कोणत्याही कार्यालयाकडे नाही. तिथे प्रत्येक तक्रार नव्याने जन्मते आणि त्याच रात्री निकाली निघते.

चौतीस वर्षे हजेरीपट भरण्यात गेल्यामुळे नोंद ठेवण्याची सवय माझ्या हाडांत आहे. दुसऱ्याच महिन्यात मी एक शंभर पानी वही घेतली आणि पाच रकाने आखले: तारीख, वेळ, काय घडले, कोणाला कळवले, काय उत्तर आले. आज त्या वहीत एकसष्ट नोंदी आहेत. ऑगस्टमधल्या एका रात्रीची नोंद जशीच्या तशी सांगते. रात्री अकरा पन्नासला मी ११२ वर फोन केला. पलीकडच्या मुलीने पत्ता आणि जवळची खूण अगदी नीट विचारून घेतली. बारा पंचवीसला पुन्हा फोन केला. बारा चाळीसला दोन बीट मार्शल दुचाकीवरून आले. त्यांच्या गाडीचा दिवा गल्लीच्या तोंडाशी दिसताच गाणे बंद झाले आणि बाटल्या बाकाखाली गेल्या. ‘साहेब, बर्थडे आहे, निघालोच’ हे वाक्य माझ्या तिसऱ्या मजल्यावरून स्वच्छ ऐकू आले. मुले पांगली. त्यानंतर मार्शलनी माझ्या मोबाईलवर फोन लावला आणि भिंतीच्या पलीकडून सांगितले, ‘काकू, जरा खाली येऊन दाखवता का, नेमका त्रास कोणाचा आहे ते?’

मी खाली गेले. जायला नको होते, हे नंतर कळले. गेटपाशी दोन मुले अजून गाडीवर बसून होती. मार्शलच्या टॉर्चचा उजेड आधी त्यांच्यावर आणि मग माझ्यावर पडला. त्यांतला एक मान खाली घालून म्हणाला, ‘बाई, तुम्ही?’ सातवीत तो माझ्या वर्गात होता. अक्षर सुंदर होते, गणित कच्चे होते. त्यानंतर आठ दिवस शेड शांत होती. नवव्या दिवशी सगळे परत आले, तो मुलगाही आला. फरक इतकाच की तक्रार कोण करते हे आता त्या सगळ्यांना माहीत झाले होते.

त्या मार्शलना मी दोष देत नाही. रात्रपाळीला दोघे जण केवढा मोठा भाग सांभाळतात हे आम्हाला दिसते. आमच्या शेडवरून निघून ते भांडणाच्या किंवा अपघाताच्या पुढच्या फोनवर जात असणार. पण त्यांच्या दृष्टीने ती रात्र तिथेच संपली. फोन आला, माणसे पोहोचली, जमाव पांगवला, शेरा मारला. उद्याच्या पाळीतल्या मार्शलना कालच्या पाळीचे काही ठाऊक नसते आणि ठाऊक करून देणारा कागदही त्यांच्या हाती नसतो. चौकीत लेखी अर्ज घेऊन गेलो तेव्हा समोरच्या अंमलदाराने सौजन्याने विचारले, ‘याआधी कधी तक्रार केली आहे का?’ मी वही उघडून पुढे ठेवली. ती त्यांनी दोन पाने चाळली आणि म्हणाले, ‘ही तुमची वही झाली. आमच्याकडे काय आहे ते बघावे लागेल.’ ते बघायला मग कोणाला वेळ मिळाला नाही.

पोलिसांखेरीज महापालिकेचेही दार आम्ही ठोठावले. खांबांवर दिवे नाहीत ही तक्रार विद्युत विभागाची, भूखंडाला फाटक नाही ही मालमत्ता विभागाची, भिंतीबाहेर रात्री दीडपर्यंत चालणारी अंडाभुर्जीची गाडी अतिक्रमण विभागाची आणि काचांचा कचरा आरोग्य कोठीचा. वाहनांचे सायलेन्सर वाहतूक शाखेकडे किंवा आरटीओकडे जातात. चौकातल्या दुकानातून बाटल्या येतात, पण तो विषय राज्य उत्पादन शुल्क खात्याचा. प्रत्येक ठिकाणी माणसे वाईट वागली असे नाही, मात्र प्रत्येकाने आपल्या वाट्याचा तुकडा काढून घेतला आणि उरलेल्यासाठी पुढच्या दाराकडे बोट दाखवले. महापालिकेच्या संगणकीय प्रणालीवर नोंदवलेली दिव्यांची तक्रार तर चौथ्या दिवशी ‘निराकरण झाले’ असा संदेश येऊन बंद झाली. त्या रात्री मी खांबाचा फोटो काढला, त्यात अंधाराशिवाय काहीच आले नाही. पूर्वी अशा वेळी नगरसेवकाच्या घरी जाता येई आणि तो चार खात्यांना चार फोन करी. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची वर्षे प्रशासकाच्या कारभारात गेली, तेव्हा ती वाटही बंद झाली. नगरसेवकाची फोनाफोनी हा काही आदर्श कारभार नव्हे, हे मलाही कळते. पण चार खात्यांचा एकच प्रश्न एका डोक्यात ठेवणारा माणूस तेवढाच होता.

कायदे अपुरे आहेत म्हणून हे होते, असे मला वाटत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे आणि रात्र म्हणजे दहा ते सहा हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम तर १९५१ चा. त्यातल्या ज्या कलमांना चौकीत ‘एकशे दहा-एकशे सतरा’ म्हणतात ती सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनासाठीच आहेत. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यासाठी दारूबंदी अधिनियमात कलम ८५ आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाचा कमाल दंड दोनशे रुपयांवरून एक हजार रुपये झाला आहे. पण ही सगळी कलमे एकेका घटनेची आहेत. पंधरा जणांनी वर्गणी काढून भरलेला हजार रुपयांचा दंड हा वाढदिवसाच्या खर्चातलाच एक आकडा ठरतो.

पुन:पुन्हा घडणाऱ्या गोष्टींसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे आणि ती फार जुनी आहे. ज्याच्याकडून शांतताभंग होण्याची शक्यता आहे त्याच्याकडून एक वर्षापर्यंतचे बंधपत्र लिहून घेता येते. लोक याला ‘चॅप्टर केस’ म्हणतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १०७ होते, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १२६ आहे. सार्वजनिक जागेवरचा उपद्रव हटवण्यासाठी सशर्त आदेश काढण्याचा अधिकार पूर्वी कलम १३३ मध्ये होता, आता तो कलम १५२ मध्ये आहे. या जुन्या कलमाचा इतिहास मोठा बोलका आहे. मध्य प्रदेशातील रतलाम शहरातल्या एका वस्तीतील रहिवासी उघडी गटारे, घाण आणि दुर्गंधी यांना कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे गेले, दंडाधिकाऱ्यांनी नगरपालिकेला कामे करण्याचा आदेश दिला आणि नगरपालिका ‘पैसे नाहीत’ म्हणत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. १९८० साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ती सबब फेटाळली. पैशांची चणचण हे कर्तव्य टाळण्याचे कारण होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. आमच्या भूखंडावरच्या तीन दिव्यांना याहून मोठा आधार कोणता हवा?

मात्र ही पुनरावृत्तीची कलमे वापरायची तर अधिकाऱ्यापुढे आधीच्या घटनांची नोंद असावी लागते. बंधपत्र घ्यायचे तर हाच इसम पूर्वी किती वेळा समजावला गेला हे दाखवावे लागते. सशर्त आदेश हवा असेल तर उपद्रव चालू आहे, एकदाच घडलेला नाही, हे सिद्ध करावे लागते. नागरिक सुरक्षा संहितेने तर अदखलपात्र तक्रारींच्या दैनंदिनीतील नोंदी दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवण्याचे बंधन कलम १७४ मध्ये घातले आहे. म्हणजे कायदे करणाऱ्यांना बेरजेचे महत्त्व कळलेले होते. ज्याला आपण सगळे सवयीने ‘नुसती एन.सी.’ म्हणून हिणवतो, त्या कागदांची गड्डी कोणीतरी महिन्यातून दोनदा एकत्र पाहावी, एवढी अपेक्षा त्या तरतुदीमागे असावी असे मी मानते. पण फोनवरून आलेली आणि ‘जमाव पांगवला’ या शेऱ्यावर मिटलेली तक्रार एन.सी.सुद्धा होत नाही. ती त्या गड्डीत कधी पोहोचतच नाही.

हे माझे तर्कट आहे असे वाटू नये, म्हणून माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करून मी विचारले की आमच्या भूखंडाबाबत मागील बारा महिन्यांत किती तक्रारी आल्या. अशी माहिती स्थळनिहाय संकलित केली जात नाही, असे उत्तर आले. उत्तर मुदतीत आले, नम्र होते आणि माझ्या मते पूर्णपणे खरे होते. ते वाचल्यावर मला राग आला नाही. रोग कुठे आहे ते कळले.

याच सुमारास मी मुलीकडे इंग्लंडमध्ये लेस्टरला तीन महिने राहून आले. तिच्या घरापासून काही मैलांवरच्या एका गावात एक आई आपल्या मतिमंद मुलीसह राहत असे. गल्लीतल्या टोळक्याने कित्येक वर्षे त्या घराला छळले. दगड, शिव्या, अंगणात नासधूस, मुलीची टिंगल. त्या बाईंनी पोलिसांना तेहतीस वेळा कळवले होते. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये तिने मुलीसह आपले आयुष्य संपवले. २००९ साली झालेल्या चौकशीत ज्युरींनी पोलिसांच्या आणि स्थानिक परिषदांच्या (म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या) त्रुटींनाही या मृत्यूंसाठी जबाबदार धरले. पोलिसांनी प्रत्येक तक्रार सुटी सुटी हाताळली, त्या सगळ्या तक्रारी एकाच घराच्या आहेत हे कोणी जुळवून पाहिले नाही, हा त्या प्रकरणातला मुख्य ठपका होता. माझ्या मुलीच्या शेजारणीने हे मला सांगितले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझी वही आली.

त्या देशात पुढे २०१४ साली कायदा झाला. त्यानुसार सहा महिन्यांत तीन पात्र तक्रारी झालेल्या माणसाला आपल्या प्रकरणाचा एकत्रित फेरआढावा मागण्याचा हक्क मिळाला. ही मर्यादा स्थानिक यंत्रणा खाली आणू शकतात, वर नेऊ शकत नाहीत. मागणी आली की पोलीस, स्थानिक परिषद, आरोग्य यंत्रणा आणि कमी भाड्याची घरे देणाऱ्या संस्था यांना एका टेबलापाशी बसून काय केले, काय राहिले आणि पुढे काय करणार हे तक्रारदाराला सांगावे लागते. तिथे सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. या हक्काची माहितीच अनेकांना नसते, अशी टीका गुन्ह्यांतील पीडितांसाठी नेमलेल्या तिथल्या आयुक्तांनी २०१९ साली केली होती. त्याआधीच्या, १९९८ च्या कायद्यातले कडक मनाई आदेश तर काही टोळक्यांत मिरवण्याचे पदक होऊन बसले आणि शेवटी रद्द करावे लागले. मला त्यांची शिक्षा नको आहे, त्यांची तुरुंगाची भीती नको आहे. आमच्या शेडमधली मुले गुन्हेगार नाहीत, बहुतेक बेकार आहेत. घेण्याजोगी गोष्ट फक्त तो तीनचा आकडा आहे: तिसऱ्या तक्रारीनंतर प्रकरणाला नाव मिळते, फाईल मिळते आणि ती कोणा एकाच्या टेबलावर येते.

आणि हे आपल्याकडे कधी झालेच नाही असेही नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. त्यात ग्रामसभेने समिती नेमायची, गावातल्या जुन्या-नव्या तंट्यांची नोंदवही ठेवायची, दिवाणी, महसुली, फौजदारी अशी त्यांची वर्गवारी करायची आणि गावातच समेट घडवायचा अशी रचना होती. बक्षिसांच्या मोहापायी काही ठिकाणी तंटे कागदावरच मिटले आणि पुढे मोहीम थंडावली, हे खरे. पण तंट्याची नोंद गावाच्या मालकीची आहे, ती साहेबाबरोबर बदलून जात नाही, ही तिच्यातली कल्पना अस्सल होती. माझ्या माहेरच्या गावात बांधाच्या वादाची अशी नोंद मी स्वतः पाहिली आहे. कोणत्या तारखेला कोण काय म्हणाले, पुढची बैठक कधी, सगळे लिहिलेले. शहरात लाख लाख वस्तीच्या प्रभागाला अशी एक साधी वही नाही.

एकदा आमच्याकडे अशी बैठक झाली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. वहीच्या छायाप्रती आणि सोसायटीच्या चाळीस सभासदांच्या सह्या घेऊन आम्ही विभागाच्या सहायक पोलीस आयुक्तांना भेटलो. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात बंधपत्राच्या प्रकरणांत दंडाधिकाऱ्याचे अधिकार याच अधिकाऱ्यांकडे असतात, हे आम्हाला एका वकील सभासदाने सांगितले होते, म्हणून अर्जात दोन्ही कलमे घालून थेट तिथे गेलो. त्या अधिकाऱ्यांनी वही शेवटपर्यंत वाचली. ‘शुक्रवार आणि शनिवारच जास्त आहेत’ हे त्यांनीच प्रथम म्हटले. मी इतके महिने रकाने भरत होते, माझ्या ते लक्षात आले नव्हते. पुढच्या आठवड्यात त्यांनी ठाण्याचे निरीक्षक, क्षेत्रीय कार्यालयाचे अधिकारी, विद्युत विभागाचे कनिष्ठ अभियंता आणि सोसायटीतर्फे आम्हा दोघांना एका खोलीत बोलावले. बैठक चाळीस मिनिटे चालली. अभियंत्यांनी सांगितले की खांबांना वीजपुरवठाच जोडलेला नाही, कारण शेडचे काम अर्धवट असल्याने ते ठेकेदाराकडून हस्तांतरित झालेले नाही. म्हणजे दिव्यांची तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद करणाऱ्याकडे तो दिवा मुळात नव्हताच. शेजारी बसलेल्या क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे तात्पुरता एक दिवा शेजारच्या रस्त्याच्या खांबावरून घेण्याचे मान्य केले. भूखंडाला फाटक बसले, ते रात्री दहाला लावण्याचे काम आमच्या सुरक्षारक्षकाने स्वीकारले. शुक्रवार-शनिवारी अकरा ते एक गस्त ठेवण्याचे ठरले. दोन मुलांकडून बंधपत्रे घेतली गेली, बाकीच्यांच्या पालकांना बोलावून सांगण्यात आले. माझा जुना विद्यार्थी त्या दोघांत नव्हता, याचा मला आनंद झाला हे कबूल करते.

पाच महिने वहीत एकही नोंद नाही. काही कोटींचा प्रकल्प नाही, नवा कायदा नाही, जादा मनुष्यबळ नाही. एक दिवा, एक फाटक, आठवड्यातून चार तासांची गस्त आणि सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडावर बोललेली चाळीस मिनिटे.

सहाव्या महिन्यात त्या अधिकाऱ्यांची बदली झाली. गस्त पहिल्याच आठवड्यात थांबली, तात्पुरता दिवा पावसात गेला तो परत आला नाही आणि फाटकाचे कुलूप एका रात्री तोडलेले सापडले. नव्या अधिकाऱ्यांना भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी आपुलकीने ऐकून घेतले आणि विचारले, ‘याआधी कधी तक्रार केली आहे का?’ बैठकीचे इतिवृत्त कुठे आहे याचा शोध अजून चालू आहे. आमच्याकडे त्याची प्रत नाही, कारण ती तक्रारदाराला देण्याची पद्धत नाही.

म्हणून या पत्राद्वारे माझी मागणी नेमकी आहे. पोलीस आयुक्तालय आणि महापालिका यांनी मिळून, एकाच ठिकाणाविषयी सहा महिन्यांत तीन तक्रारी आल्या, मग त्या ११२ वर असोत, चौकीत असोत की महापालिकेच्या प्रणालीवर, तर त्या ठिकाणाला एक प्रकरण क्रमांक द्यावा. क्रमांक मिळाल्यापासून तीस दिवसांत संबंधित सर्व खात्यांची एकत्र बैठक घेणे बंधनकारक करावे, तिचे इतिवृत्त तक्रारदाराला द्यावे आणि अधिकारी बदलला तर कार्यभार सोपवताना ही प्रकरणे नावानिशी सोपवावीत. यासाठी विधिमंडळाची वाट पाहण्याची गरज नाही, दोन्ही आयुक्तांचे एक संयुक्त परिपत्रक पुरेल. पोलिसांचे आणि महापालिकेचे संगणक एकमेकांशी बोलत नाहीत ही अडचण सांगितली जाईल. तोवर प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात एक वही ठेवावी. रकाने मी आखून देते.

वाचकांपैकी जे अशाच त्रासातून जात आहेत त्यांना अनुभवातून एवढेच सांगावेसे वाटते की फोन करावाच, पण त्याच आठवड्यात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी, कारण पोच नसलेली तक्रार काही दिवसांनी आपल्यालाही खोटी वाटू लागते. अर्ज एकट्याच्या नावे न देता सोसायटीच्या किंवा चार-पाच घरांच्या सह्यांनी द्यावा. आणि कोणी कितीही आग्रह केला तरी रात्री खाली उतरून कोणाकडे बोट दाखवू नये. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अजय गडकरी आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने कुर्ल्यातील रहिवाशांच्या ध्वनिक्षेपकांविषयीच्या याचिकेवर २३ जानेवारी २०२५ रोजी दिलेल्या निकालात, पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करावी आणि ती ओळख समोरच्याला कळू देऊ नये, असे स्पष्ट केले आहे. तो निकाल ध्वनिक्षेपकांपुरता असला तरी त्यातले शहाणपण आमच्या शेडलाही लागू पडते. त्या ऑगस्टच्या रात्री मला हे माहीत नव्हते, आणि टॉर्च धरणाऱ्यांनाही बहुधा नसावे.

याच कारणाने माझे नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला असला तरी तो छापू नये, अशी विनंती आहे. मागच्या आठवड्यात शेडमधल्या दोघांनी आमच्या सुरक्षारक्षकाला विचारले की वही लिहिणाऱ्या बाई कोणत्या मजल्यावर राहतात.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे